बर्गेबाईंचा पिवळा दिवा

रहिमतपुरात कुणाकडे बारसं असो, साखरपुडा असो की साधी सत्यनारायणाची पूजा, पहिलं आमंत्रण वैजयंती बर्गे यांना जाई. त्या आमंत्रणात बाईंवरचं प्रेम किती आणि त्यांच्या मनगटावरचा दिवा किती, हे विचारण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. माणूस दारात आला की त्याची नजर आधी डाव्या मनगटाकडे जाई. पट्ट्यावरचा बारीक दिवा हिरवा दिसला की त्याचा चेहरा खुले आणि मग तो विचारी, "काय बाई, बरं आहे ना?"

"दिव्याला विचारून झालं ना तुझं? मग आता मला कशाला विचारतोस!" बाई म्हणत आणि त्याला चहाला बसवत.

बाई म्हणजे कन्याशाळेतल्या पीटीच्या बाई. अर्ध्या गावातल्या बायकांना त्यांनी कधी ना कधी उन्हात उभं केलेलं होतं. निवृत्तीच्या सुमाराला एकदा संचलनात त्यांच्या हातातली लेझीम आपोआप वाजायला लागली, आणि पोरी हसल्या तेव्हा बाईही हसल्या. तो पार्किन्सन होता. पुढे हात थरथरू लागला, पाय दारातच खिळू लागले आणि हळूहळू लोक येईनासे झाले. लोक वाईट नव्हते. थरथरणाऱ्या हातात चहाचा कप द्यावा की देऊ नये हे त्यांना कळत नसे, म्हणून ते येणंच टाळत. बाईंना त्याचं फार लागलं होतं. त्या तसं बोलून दाखवत नसत, पण त्यांचे यजमान प्रतापराव, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, संध्याकाळी त्यांना दोघांतच पत्ते खेळायला बसवत, त्यावरून ते कळायचं. दोघांत रमी खेळणं म्हणजे केवळ हट्ट.

मग चोरताप आला आणि बाईंचं घर पुन्हा भरलं.

शास्त्रज्ञांनी त्या विषाणूला आकडे-अक्षरांचं लांबलचक नाव दिलं होतं, पण लोक चोरतापच म्हणत. अंगात शिरल्यावर चार-पाच दिवस माणसाला काहीही होत नसे. ताप नाही, खोकला नाही, तपासणीही कोरी. आणि नेमक्या त्याच दिवसांत तो माणूस गावभर प्रसाद वाटल्यासारखा ताप वाटत फिरे. पूर्वीच्या एका साथीत निदान वास जायचा, त्यावरून लोक सावध तरी होत. बाईंना त्याचाही उपयोग झाला नसता, कारण पार्किन्सनने त्यांची वास घ्यायची शक्ती हात थरथरायच्या कितीतरी आधीच नेली होती. भाजी करपली की त्या धूर बघून ओळखत.

चोराला पकडण्याची युक्ती सापडली ती साताऱ्याच्या डॉक्टर तन्वी म्हामूलकर आणि त्यांच्या सोबत्यांना. आपल्या मेंदूत अगदी खोलवर, हालचालींचा कारभार बघणाऱ्या पेशींचा एक गट असतो. निरोगी माणसात त्या पेशी गरजेप्रमाणे ताल धरतात आणि सोडतात, म्हणून आपण विचार न करता उठतो, बसतो, जिना चढतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि त्या पेशी एकच हट्टी ठेका धरून बसतात. तो ठेका सुटेना की पाय उचलेना. बाईंच्या छातीवर, कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलेलं होतं आणि त्याची तार मेंदूत थेट त्या पेशींपर्यंत गेली होती. यंत्र सारखा तो ठेका ऐके आणि तो वाढला की जरुरीपुरती वीज सोडून मोडून काढी.

आता पार्किन्सनच्या माणसाला साधा लघवीचा संसर्ग झाला तरी तो एका दिवसात आखडतो, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. शरीराची फौज जागी झाली की तिचे रासायनिक निरोप मेंदूपर्यंत पोचतात आणि आधीच तुटपुंज्या डोपामिनवर चाललेला संसार डळमळतो. डॉक्टर तन्वींनी अनेक रुग्णांच्या यंत्रांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दिसलं की चोरताप अंगात शिरला की दुसऱ्याच दिवशी यंत्राला जास्त वीज सोडावी लागते. बाकी जगाला पत्ता लागायच्या कितीतरी आधी! मनगटावर एक पट्टा बांधला, यंत्राची भूक वाढली की त्याचा हिरवा दिवा पिवळा होईल अशी सोय केली, आणि गावोगावचे पार्किन्सनचे रुग्ण 'राखणदार' झाले. पिवळा दिवा दिसला की राखणदाराने तिथून बाजूला व्हायचं आणि जमलेल्या लोकांनी पांगायचं.

"म्हणजे आम्ही सगळ्यांत आधी कोलमडतो, म्हणून सगळ्यांत उपयोगाचे?" बाईंनी विचारलं होतं.

"काकू, तुम्ही फारच रोखठोक बोलता," डॉक्टर तन्वी म्हणाल्या. "पण हो."

"मग द्या बांधून. आजवर आमचा उपयोग फक्त औषधवाल्याला होता."

दुसरी बाजूही डॉक्टरांनी लपवली नाही. चोरताप इतरांना आठवडाभर झोपवी, पण पार्किन्सनच्या माणसाला कित्येक महिने मागे नेई. गोळ्या लागू पडत नसत, घास घशात अडके, आणि खोकून टाकायची ताकद नसल्याने कफ छातीतच साचे. हे ऐकताना बाईंच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहिला, नानासाहेब पिसाळ.

नानासाहेबांचं ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. स्वभाव तापट आणि तोंड त्याहून. पार्किन्सन त्यांना बाईंच्याही आधीपासूनचा, आणि हृदय कमजोर असल्यामुळे यंत्र बसवता आलेलं नव्हतं. आता त्यांना पाणीसुद्धा चमच्याने, जपून घ्यावं लागे. खोकला म्हणजे नुसता फुसका श्वास. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, मालनकाकींना, बाजूला घेऊन सांगितलं होतं की या माणसाला चोरताप झाला तर आमच्या हातात काही नाही.

तरीही नानासाहेब रोज सकाळी शाळेच्या मैदानावर येत, कारण तिथे बाईंचं कंपमंडळ भरे. हे नाव नानासाहेबांनीच ठेवलेलं. आसपासच्या गावांतले पार्किन्सनचे लोक, कुणी काठी घेऊन, कुणी सुनेचा हात धरून, आणि सगळ्यांच्या हातात लेझीम. ज्याला खुर्चीपासून दारापर्यंत जाताना घाम फुटे, तो हलगी सुरू झाली की चक्क पाय उचलून नाचे. यात चमत्कार काही नव्हता. चालण्याचा मेंदूतला नेहमीचा रस्ता बंद पडलेला असला तरी कानावाटे येणारा ताल दुसऱ्या रस्त्याने पायांपर्यंत पोचतो. शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेत हे नव्हतं, पण बाईंना पोरींना शिकवतानाच ठाऊक झालं होतं की घाबरलेल्या मुलीला समजावत बसू नये, तिला ठेका द्यावा.

नानासाहेबांचा मुलगा विक्रांत न्यूझीलंडला असे. बाप नाचतो यावर त्याचा फोनवर विश्वास बसेना. "समक्ष ये अन् बघ लेका," नानासाहेबांनी बजावलं होतं, आणि शाळेच्या हीरक महोत्सवात कंपमंडळाची लेझीम ठरली तशी त्याने विमानाची तिकिटं काढली.

त्याआधी मात्र यात्रेत भलताच घोळ झाला. समोरच्या रजनीवहिनींनी बाईंना पुरणपोळीला बोलावलं. यात्रेच्या पोळीला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. शिवाय पोळी दुधात बुडवून, वर तुपाची धार. "बाई, एक तरी अजून घ्या, माझी शपथ हाय," असं म्हणत वहिनींनी आणखी दोन वाढल्या. गोळीची वेळ झाली तशी बाईंनी त्या भरल्या पोटावरच गोळी घेतली. थोड्या वेळात पाय जड झाले आणि दिवा पिवळा.

मग काय विचारता! कुस्त्यांचं मैदान ऐन रंगात मोडलं. दोन पैलवान एकमेकांच्या कमरेला मिठी मारलेल्या स्थितीत उभे होते, त्यांना पंचांनी सोडवून घरी पाठवलं. बाई घराकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगात चालायची ताकद नव्हती, पण गल्लीच्या टोकाला हलगीवाला अजून वाजवत बसला होता. त्या तालावर पाय आपोआप पडत गेले आणि बाई जवळजवळ नाचतच घरी पोचल्या.

पुढच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या. डॉक्टर तन्वी फोनवर हसू दाबत म्हणाल्या, "काकू, औषध आणि डाळ-दुधातली प्रथिनं आतड्यातून एकाच दाराने आत जातात. पुरणपोळ्यांनी गर्दी केली आणि तुमची गोळी बाहेरच उभी राहिली. औषध मिळेना म्हणून यंत्राने वीज वाढवली. बस्, एवढंच."

गावाने त्या दिवसाचं नाव 'पुरणपोळी बंद' असं ठेवलं. पैलवान तर बाई दिसल्या की लांबूनच हात जोडत, "बाई, आज उपास ना?" राखणदारांच्या नियमांतही भर पडली. असं काही खाणं झालं असेल आणि दिवा पिवळा झाला, तर दोन तास वाट बघून मग काय ते जाहीर करावं.

हीरक महोत्सवाच्या सकाळी बाई जरीकाठाची नऊवारी नेसून शाळेत आल्या. आदल्या दिवशी सरावाला सुट्टी होती, त्यामुळे मंडळी अजून भेटायची होती. मुख्याध्यापिका सुजाता खटावकर ही त्यांचीच विद्यार्थिनी. ती त्यांना शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली आणि बासुंदीची वाटी तोंडाशी धरून म्हणाली, "बाई, माझ्या हातची आहे." विद्यार्थिनीने तोंडाशी धरलेली वाटी कोण बाजूला सारणार? बाईंनी अर्धी वाटी घेतली. नुकतीच गोळी घेतलेली, हे आठवलं तोवर घोट घशाखाली उतरला होता.

मैदानावर मांडव भरला होता. पहिल्या रांगेत विक्रांत कॅमेरा घेऊन बसला होता. मांडवामागे कंपमंडळ जमत होतं आणि नानासाहेब गुलाबी फेटा बांधून, मिशीला पीळ देत, प्रत्येकाला सांगत होते, "माझ्या म्होरं कुणी उभं राहायचं न्हाई. पोराला दिसलं पायजे." बाई त्यांच्याकडे जायला निघाल्या आणि प्रतापरावांनी त्यांचा हात धरला.

दिवा पिवळा होता.

प्रतापरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंच्या पदराचं टोक ओढून मनगट झाकलं. "काय खाल्लंस?"

"बासुंदी."

"मग झालं तर! दोन तास थांबायचं, असं नियमातच आहे. तोवर नाचून होतंय. वैजू, परत बंद केलंस तर गाव तुला जन्मभर चिडवेल. अन् त्या नानासाहेबांचं तोंड बघ जरा."

बाईंनी पाहिलं. फेट्याखालचा तो चेहरा, जो एरवी आजाराने लाकडी झालेला असे, आज चक्क हसत होता. प्रतापराव खोटं बोलत नव्हते. नियम त्यांच्या बाजूने होता, बासुंदी खरीच पोटात होती, आणि दोन तास मिळाले असते तर सगळं गोड झालं असतं. पण लेझीम खेळताना नानासाहेब त्यांच्या अगदी शेजारी उभे राहणार होते, धापा टाकत, तोंड उघडं ठेवून.

"त्या हलगीवाल्याला इथे लांब उभं राहून वाजवायला सांगा," बाई म्हणाल्या.

"आता?"

"सांगा हो."

हलगी वाजू लागली. बाईंनी लेझीम घेतली आणि 'चार आवाज' धरला, लेझमीतला सगळ्यांत सोपा प्रकार, पहिलीतल्या पोरीलाही येणारा. एक, दोन... पाय जमिनीला खिळलेला. त्यांनी पुन्हा ठेका ऐकला, मनात मोजला, मान हलवली. पाय उचलेना. यात्रेच्या दिवशी पोटात पुरणपोळ्यांचा डोंगर होता तरी याच हलगीवर त्या नाचत घरी गेल्या होत्या. तेव्हा फक्त औषध पोचलं नव्हतं, तालाचा रस्ता उघडा होता. आज तोही बंद होता. हे बासुंदीचं काम नव्हे. कुणीतरी आत शिरलं होतं.

बाई प्रतापरावांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही पण लांब व्हा."

मग त्यांनी लांबूनच माइक मागवून घेतला. "मंडळी, माझा दिवा पिवळा झालाय. कार्यक्रम बंद. सगळ्यांनी मोकळ्यावर जा आणि घरी जा."

मांडवातून कुणीतरी ओरडलं, "बाई, आज काय खाल्लं?" सगळा मांडव हसला.

"बासुंदी खाल्ली," बाई म्हणाल्या. "पण ही बासुंदी नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर नसू दे, पण उठा."

लोक कुरकुरत उठले. नानासाहेब मात्र तरातरा, म्हणजे त्यांच्या मानाने तरातरा, बाईंच्याच दिशेने निघाले. "बाई! पोराचं परवा इमान हाय! तुमच्या गोडधोड खाण्यापायी..."

"जागेवर थांबा, नानासाहेब!"

"न्हाई थांबत!"

"पिसाळ!" बाईंनी आख्खं मैदान दणाणेल असा आवाज काढला. "साव-धान!"

आणि आयुष्यात कुणाचं न ऐकलेला तो माणूस टाचा जुळवून उभा राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंच्याही होतं, पण मधलं अंतर त्यांनी सोडलं नाही. पाय जागचे हलेनात, म्हणून प्रतापरावांनी तोंडाला मुसकं बांधून चाकाची खुर्ची आणली आणि बाई घरी गेल्या.

तीन दिवसांनी बाईंच्या तपासणीत चोरताप निघाला, दिवा खरा ठरला. सुजाता मुख्याध्यापिका आणि आणखी दोन शिक्षिकांनाही चोरताप निघाला. महोत्सवाच्या बैठकांसाठी बाई त्यांच्यासोबत बसत होत्या, तिथूनच तो आला. त्यांना आठवडाभर पडून राहावं लागलं, इतकंच. मांडवातल्या लोकांपैकी कुणालाही झाला नाही आणि कंपमंडळ तर कोरडं राहिलं. रजनीवहिनी खिडकीखाली येऊन मोठ्याने सांगून गेल्या की आता चिडवणाऱ्याची जीभ हासडीन.

बाईंना मात्र तापाने चांगलंच आडवं केलं. गोळी घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच झालं. कूस बदलायची तर प्रतापरावांना हाक मारावी लागे, आणि हाक म्हणजे नुसती कुजबुज, कारण आवाज गेलेला. यंत्र जीव तोडून वीज सोडत होतं. ताप चढला की त्यांना खोलीत शाळेच्या पोरी दिसत, रिबिनी बांधलेल्या, ओळ मोडून गप्पा मारणाऱ्या. त्या तापातच बाई कुजबुजत, "ए, ती उंच मुलगी! नीट उभी राहा." खोलीत उंच असे प्रतापरावच होते. ते हातातला काढा खाली ठेवून निमूट सावधान उभे राहत, बाई "विश्राम" म्हणेपर्यंत. एकदा त्या विश्राम म्हणायच्या आधीच झोपी गेल्या, तर हा गृहस्थ काढा गार होईपर्यंत तसाच उभा. नंतर ही गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्या गावाला सांगितली, फुशारकीने.

हळूहळू उतार पडला, पण आवाज काही परतला नाही. डॉक्टर तन्वींनी यंत्र तपासलं आणि सांगितलं, "काकू, तुमच्या मेंदूचा ठेका आता बदललाय. तो स्थिर होईपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी, दिव्यावर भरवसा ठेवता येणार नाही. पट्टा काढून ठेवूया."

"आणि मी?"

"तुमच्यावर भरवसा आहे. तुम्ही रोज चाला."

पट्टा गेला तशी आमंत्रणं कमी झाली, हे खरं. पूजेची पहिली हाक आता वाठारच्या राखणदाराला जाऊ लागली. रजनीवहिनी येत, सुजाता येई, दोघी-तिघी जुन्या विद्यार्थिनी येत. पण नानासाहेब काही आले नाहीत. निरोप धाडला तर मालनकाकी म्हणाल्या, रुसून बसलेत. ते कळलं तेव्हा बाईंनी चप्पल मागितली. "वाट बघत बसणारी मी नव्हे. चला."

गॅरेजच्या अंगणात नानासाहेब खाटेवर पाठ फिरवून बसले होते. बाई खुर्चीत टेकल्या, तरी ते वळले नाहीत.

"जगलात, बरं झालं," ते भिंतीला म्हणाले. "पण माझा पोरगा मला नाचताना न बघताच गेला. आता पुन्यांदा कधी येतोय, अन् तवर मी..." पुढचं त्यांनी गिळलं.

बाईंना खूप काही सांगता आलं असतं. त्या दिवशी तुमच्या शेजारी नाचले असते तर आज या खाटेवर कुणी पाठ फिरवून बसलं नसतं, हेही सांगता आलं असतं. दारातून मालनकाकी डोळे पुसत बघत होत्या, त्यांना ते न सांगताच ठाऊक होतं. पण बाईंनी फोन काढून मालनकाकींच्या हातात दिला आणि कुजबुजल्या, "विक्रांतला लावा. चेहरा दिसेल असा." मग प्रतापरावांना खूण केली. त्यांनी गॅरेजमधला ऑइलचा रिकामा डबा उलटा केला आणि पान्याने त्यावर ठेका धरला. हलगी म्हणावी असं त्यात काही नव्हतं, पण ठेका होता.

"बाबा?" फोनमधून आवाज आला.

नानासाहेबांची पाठ ताठ झाली. डब्याचा आवाज थांबत नव्हता. ते पुटपुटत उठले, कोपऱ्यातली लेझीम ओढून घेतली आणि मुलाकडे तोंड करून उभे राहिले. पहिले दोन आवाज कसेबसे गेले, मग पाय सुटले. मिशी हलू लागली. फोनमधला विक्रांत फक्त बघत होता.

आणि चौथ्या आवाजाला नानासाहेबांनी नेहमीप्रमाणे उजवा पाय टाकला.

"डावा!" बाई ओरडल्या.

कुजबुज नव्हे. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा, मैदानावरचा आवाज. प्रतापरावांच्या हातातला पाना थांबला. बाईंनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

"डावा पाय, पिसाळ! इतके दिवस काय शिकवलं मी?"

"डावाच टाकतोय की!" नानासाहेब गुरगुरले आणि पुन्हा उजवाच टाकला. तिकडे विक्रांत हसू लागला, हसता हसता रडू लागला, आणि "बाबा, डावा हो, डावा!" असं म्हणू लागला. नानासाहेबांनी दोघांना मिळून एक कचकचीत शिवी हासडली. मालनकाकींनी आयुष्यात पहिल्यांदाच त्या शिवीबद्दल त्यांना टोकलं नाही.

"ठेका का थांबवलात?" बाई यजमानांना म्हणाल्या. "चला, पहिल्यापासून. चुकू देत हवं तेवढं. एक, दोन..."